'कोणाचा', 'किती' आणि 'कोणता' : मुंबईच्या भागबाजारातील लहान गुंतवणूकदाराच्या प्रश्नाचा इतिहास

आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत भागबाजाराचा वृत्तान्त भावांच्या चढउतारांतून, कायद्यांतून आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. पगारातून अथवा शेतीच्या उत्पन्नातून वाचविलेले पाचशे-हजार रुपये ज्याने त्या बाजारात घातले, तो लहान गुंतवणूकदार या वृत्तान्तात बहुधा एखाद्या आकड्याच्या रूपानेच डोकावतो. त्याने स्वतः लिहून ठेवलेले फारसे काही नाही. तथापि त्याचा प्रश्न मात्र मागे राहिला आहे. बाजाराच्या बोलीत, संस्थांच्या रचनेत आणि विशेषतः कायद्यांत तो शोधता येतो. कारण या क्षेत्रातील प्रत्येक कायदा हा आधी विचारल्या गेलेल्या आणि त्या वेळी उत्तर न मिळालेल्या प्रश्नामागून आलेला आहे. पैसा कशात घालावा, हा प्रश्न वरवर पाहता दीडशे वर्षे एकच आहे. त्यातील प्रश्नार्थक शब्द मात्र बदलत गेला, आणि त्या बदलाबरोबर चुकीची जबाबदारी कोणावर हेही बदलत गेले. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

प्रथम शब्दसंपत्तीकडे पाहणे इष्ट ठरेल. मराठीत पैसा 'ठेवतात' आणि पैसा 'गुंतवतात'. 'ठेव' या नामात वस्तू जशी ठेवली तशी परत मिळण्याची अपेक्षा अनुस्यूत आहे. 'गुंतवणे' हे 'गुंतणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप. त्यात अडकण्याची छटा उघड आहे आणि सुटकेचे आश्वासन नाही. 'वायदा' हा अरबी शब्द मुळात वचन या अर्थाचा. 'दलाल' हाही अरबीच, आणि त्याच्या मुळाशी वाट दाखविणे, निर्देश करणे हा अर्थ आहे. आज या शब्दाला जो हीन वास येतो तो मागाहून चिकटलेला. वाट दाखविणाऱ्याच्या शब्दावर विसंबून, दिलेल्या वचनाच्या बळावर, पैसा अडकवून ठेवणे, असे या व्यवहाराचे वर्णन बाजाराच्या स्वतःच्या शब्दांतच साठविलेले आहे. नंतरच्या काळात घडवलेले 'समभाग', 'लाभांश', 'प्रवर्तक' हे शब्द निर्दोष आहेत, पण त्यांत अशी आठवण नाही.

मुंबईत संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांची नोंदणी १८५० च्या कायद्याने सुरू झाली आणि मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ मध्ये आले. दलालांची मंडळी त्या सुमारास टाउन हॉलसमोरच्या वडांच्या झाडांखाली जमत असत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला. बाहेरून आलेल्या या पैशाला मुरण्यासाठी पुरेसे उद्योग शहरात नव्हते. त्यामुळे बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला भाग पन्नास हजारांच्या घरात गेला.

या काळातील प्रश्न 'कंपनी काय करते?' असा नव्हता. कित्येक कंपन्या अद्याप काहीच करीत नव्हत्या. विचारले जाई ते एवढेच, की मागे कोण आहे? त्याचे उत्तर बहुधा एकाच नावाने दिले जाई, प्रेमचंद रायचंद. ज्या कंपनीच्या भागवाटपात त्यांचा हात, तिच्या भागांना वाटपापूर्वीच अधिमूल्य मिळे. त्या काळी तरुण असलेल्या दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो वाचताना ध्यानात येते की, संपूर्ण शहराची पत ही एका व्यक्तीच्या पतीची सावली झाली होती. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी सहभाग असलेली संस्थाही त्यातून सुटली नाही. १८६३ च्या कायद्याने तिला भागांच्या तारणावर कर्जे देण्याची मोकळीक मिळाली होती, आणि ज्या भागांची किंमत कर्जामुळे फुगली त्याच भागांवर पुन्हा कर्ज, असे चक्र सुरू झाले.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. १ जुलै १८६५ ही असंख्य वायद्यांच्या पूर्ततेची तारीख होती आणि त्या दिवशी 'वायदा' या शब्दाचा मूळ अर्थ निरर्थक ठरला. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो ८७ रुपयांवर आला. पुढे बँक बुडाली व तिच्या कारभाराच्या चौकशीसाठी आयोग बसला. प्रेमचंदांनी भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. भाग घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हाती तोवर कागदाखेरीज काही उरले नव्हते.

या अनुभवातून दोन ठिकाणी दोन भिन्न उत्तरे निघाली. मुंबईच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापून आपसातील व्यवहाराला शिस्त लावली. त्यात दलालांचे एकमेकांपासून संरक्षण होते, बाहेरच्या माणसाचे प्रसंगोपात्त. लंडनमध्ये १८६८ मध्ये, मुंबईच्या कोसळण्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 'फॉरिन अँड कलोनियल' हा न्यास निघाला. मोठ्या भांडवलदाराला अनेक रोख्यांत पैसा विभागून धोका कमी करता येतो, ती सोय बेताच्या ऐपतीच्या माणसालाही मिळावी, हा त्याचा उद्देश होता. आजच्या म्युच्युअल फंडाचे बीज या कल्पनेत आहे. तिला मुंबईत पोहोचण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दरम्यान 'कोणाचा?' हाच प्रश्न येथे टिकून राहिला. मात्र १९०७ मध्ये त्याला नवा आशय लाभला. टाटांच्या लोखंड-पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनमध्ये भांडवल मिळेना, तेव्हा ते मुंबईत उभारण्याचे ठरले. स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० हिंदी लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचे संपूर्ण भांडवल पुरे केले. टाटांच्या कचेरीपुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष अशी सर्व प्रकारची गर्दी लोटल्याचे वर्णन त्या कामाशी संबंधित असलेल्या अभियंत्याने करून ठेवले आहे. पुढे खेळत्या भांडवलासाठी काढलेले चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. येथे 'कोणाचा?' याचे उत्तर 'टाटांचा' असे होते आणि त्याच वेळी 'आपला' असेही होते. हे दुसरे उत्तर आर्थिक नव्हे. परंतु त्याला वजन होते. १९२४ च्या सुमारास कंपनी संकटात आली तेव्हा दोराबजी टाटांनी आपली व्यक्तिगत संपत्ती तारण ठेवली. नावावर ठेवलेला विश्वास नावाने राखल्याची अशी उदाहरणे या इतिहासात विपुल नाहीत.

महाराष्ट्रात याच सुमारास 'फंड' हा शब्द घरोघर पोहोचला तो गुंतवणुकीच्या अर्थाने नव्हे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या 'पैसा फंडा'ने प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा गोळा करून, टिळकांच्या पाठिंब्याने, तळेगाव येथे काचेचा कारखाना काढला. त्यात देणाऱ्याला परत काही मिळावयाचे नव्हते. नंतर नोकरदारांच्या तोंडी 'फंड' म्हणजे भविष्यनिर्वाह निधी असा अर्थ रूढ झाला. 'फंडाचे पैसे' म्हणजे निवृत्तीच्या वेळी हमखास हाती येणारी रक्कम. पुढे बाजारावर अवलंबून असलेल्या योजनांनाही हेच नाव मिळाले, तेव्हा या शब्दाभोवती दान आणि हमी यांचे दोन जुने संस्कार आधीपासूनच होते. त्या संस्कारांची किंमत काहींना पुढे मोजावी लागली.

स्वातंत्र्यानंतर भांडवल उभारणी सरकारी नियंत्रणाखाली राहिली. १९४७ च्या कायद्यान्वये नव्या भागाची किंमत भांडवल-नियंत्रकाच्या संमतीवाचून ठरविता येत नसे, आणि ही मान्य किंमत पुष्कळदा बाजारात मिळू शकणाऱ्या भावाहून बरीच कमी असे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना आपली मालकी चाळीस टक्क्यांवर आणावी लागली. त्यांचे भाग या नियंत्रित किमतीस जनतेपुढे आले. १९७७ मध्ये रिलायन्सचा दहा रुपयांचा भाग आला. मागणी पुरवठ्याच्या कित्येक पट असल्याने वाटप चिठ्ठ्या टाकून होऊ लागले, आणि प्रश्नाचे रूप 'लागला का?' असे झाले. सोडतीचे क्रियापद मराठीने बिनदिक्कत भागालाही लावले, 'लॉटरी लागली' तसा 'शेअर लागला'. हे क्रियापद अचूक आहे. किंमत सरकारने कमी ठेवली असता निवडीचा प्रश्नच उरत नाही, नशिबाचा उरतो. घरातल्या प्रत्येकाच्या नावे अर्ज भरणे एवढेच कौशल्य पुरे होते. एक संपूर्ण पिढी कंपनीचा ताळेबंद न पाहता भागधारक झाली, आणि त्यात तिचे नुकसान न होता फायदाच झाला. हा अनुभव चांगला शिक्षक नव्हता.

ज्याला सोडतीचीही दगदग नको होती त्याच्यासाठी युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया होती. अशा न्यासाची शिफारस मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने १९३१ मध्ये आणि श्रॉफ समितीने १९५४ मध्ये केली होती. १९६३ चा कायदा टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना झाला. १ फेब्रुवारी १९६४ रोजी संस्था स्थापन झाली आणि जुलैमध्ये 'युनिट स्कीम १९६४' ही दहा रुपये दर्शनी किमतीची योजना निघाली. प्रारंभीचे पाच कोटींचे भांडवल रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक व अन्य संस्थांनी दिले होते. या नामावळीमुळे 'कोणाचा?' या प्रश्नाचे कायमचे उत्तर मिळाल्यासारखे झाले, ते म्हणजे 'सरकारचा'. त्यामुळे विचारावयाचे उरले ते 'किती?'. जूनअखेर वर्ष संपे, लाभांशाचा दर जाहीर होई, जुलैत युनिटे सवलतीच्या किमतीस मिळत. पहिल्या वर्षीचा सुमारे सहा टक्क्यांचा दर १९९० नंतरच्या तेजीत सव्वीसपर्यंत गेला. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून ही युनिटे घेणारी कुटुंबे महाराष्ट्रातील शहरांत मोठ्या संख्येने होती, आणि बोलताना ती मंडळी लाभांशाला सहजपणे 'व्याज' म्हणत.

या एका शब्दप्रयोगात पुढच्या संकटाचे सार आहे. व्याज मुद्दलावर मिळते आणि मुद्दल अबाधित असते. लाभांश हा झालेल्या नफ्यातला वाटा असतो व मागे मालमत्ता आहे की नाही याविषयी तो काहीच सांगत नाही. या योजनेच्या युनिटाची खरेदी-विक्रीची किंमत तिच्याजवळच्या रोख्यांच्या बाजारमूल्यावरून ठरत नसे. संस्था ती ठरवून जाहीर करी. जनता जिला ठेव समजत होती ती वस्तुतः गुंतवणूक होती, आणि संस्थाही तिला ठेवीसारखीच वागवीत होती. अज्ञान केवळ घेणाऱ्याचे होते असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. १९९८ मध्ये योजनेची गंगाजळी ऋण झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख समितीने किंमत मालमत्ता-मूल्याशी जोडण्यास सुचविले आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली. ती मुदत पुरी होण्याआधीच, २ जुलै २००१ रोजी, युनिटांची विक्री व परत-खरेदी सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली. त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांत सुमारे चार हजार कोटी रुपये काढून घेतले गेले होते, आणि ते काढणारे मुख्यतः मोठे कंपनी-गुंतवणूकदार होते. ज्याच्यासाठी ही योजना निघाली त्या लहान माणसाला दार बंद झाल्याचे वर्तमानपत्रातून कळले.

डिसेंबर २००१ च्या अखेरीस युनिटाचे खरे मूल्य सहा रुपयांहूनही कमी भरले. लहान धारकांना ठरावीक मर्यादेपर्यंत दहा रुपयांची हमी सरकारने दिली, २००२ च्या कायद्याने संस्थेचे विभाजन झाले आणि २००३ मध्ये पुष्कळांच्या हाती पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे आले. ज्यांनी युनिटाला 'व्याज' देणारी ठेव मानले होते, त्यांना अखेरीस खरोखरीच व्याज देणारा कागद मिळाला.

तिसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे 'कोणता?' याचा, उगम याआधीच झाला होता. १९८६ च्या आरंभी मुंबई भागबाजाराचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला आणि बाजाराला स्वतःचा एक आकडा मिळाला. १९८७ पासून बँकांचे व १९९३ पासून खाजगी क्षेत्राचे म्युच्युअल फंड निघाले. १९९२ मध्ये भांडवल-नियंत्रकाचे पद गेले, आणि त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरण घडले. ए. सी. सी. या सिमेंट कंपनीचा भाग सुमारे दोनशे रुपयांवरून नऊ हजारांवर गेला होता. नव्याने कारखाना उभारायचा तर किती खर्च येईल, त्यावर भागाची किंमत मोजावी, अशी या भावाची उपपत्ती सांगितली गेली. उपपत्ती सांगावी लागली हे या प्रकरणाचे नवेपण. १८६५ मध्ये नाव पुरे होते. प्रत्यक्षात मात्र याही वेळी लोक उपपत्तीच्या मागे नव्हे, नावाच्याच मागे गेले, आणि नावामागचा पैसा बँकांच्या रोखेव्यवहारांतून आलेला होता.

नवीन प्रश्न जुन्या सवयींनी सोडविला जात होता याचे उत्तम उदाहरण म्हणजे जानेवारी १९९४ मधील मॉर्गन स्टॅनले ग्रोथ फंड. सुमारे एक हजार कोटी रुपये जमा झाले, अर्जासाठी रांगा लागल्या आणि कोरे अर्जदेखील जादा किमतीने विकले गेले. घेणाऱ्यांची अपेक्षा सोडतीच्या काळातली होती, दहा रुपयांचे युनिट नोंदणी होताच वर जाईल अशी. परंतु फंडाजवळ जमा झालेल्या पैशाखेरीज काहीच नसते. दहा रुपयांच्या मागे खर्च वजा जाता दहापेक्षा कमीच रुपये असतात. बाजारात तो युनिट पुढे मूल्याहून कमी भावाने विकला जाऊ लागला. 'दहा रुपयांचा नवा फंड स्वस्त आणि पन्नास रुपयांचा जुना महाग' हा समज त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. भागाच्या बाबतीत किमतीचा प्रश्न रास्त आहे, कारण भाग स्वस्त वा महाग असू शकतो. फंडाच्या युनिटाची किंमत म्हणजे निव्वळ भागाकार. दोन फंडांनी तेच रोखे त्याच प्रमाणात घेतले असतील, तर दहाच्या आणि पन्नासच्या युनिटावर होणारी टक्केवारीची वाढ एकच राहील.

नियंत्रणमुक्तीनंतरच्या कंपन्यांपैकी काही भांडवल गोळा करून अक्षरशः गायब झाल्या. 'नाहीशा झालेल्या कंपन्या' हा सरकारी वर्गीकरणातील शब्द बनला. त्या मानाने फंडांचा कारभार १९९६ च्या नियमावलीनंतर बराच उघड झाला. मात्र योजनांची संख्या इतकी वाढली की, एकाच घराण्याच्या दोन योजनांत भेद काय हे सांगणे विक्रेत्यालाही कठीण व्हावे. २०१७ मध्ये प्रतिभूती मंडळाने म्हणजे सेबीने सर्व योजनांना ३६ प्रकारांत बसविले आणि बव्हंशी एका घराण्याला एका प्रकारात एकच योजना ठेवण्याची मुभा दिली. व्याकरणाने रूपे सारणीत बसवावीत तसा हा उद्योग होता, 'कोणता?' विचारणाऱ्यासाठी निदान पर्यायांची नावे तरी एकार्थी झाली. निवडच नको म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सर्वसामान्यांपुढे आणलेला निर्देशांक-फंडही येथे आला. परंतु निर्देशांक जसे अनेक झाले तसे 'कोणत्या निर्देशांकाचा?' हे विचारणे आलेच.

'कोणता?' हे सर्वनाम 'कोणाचा?' पेक्षा एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. 'कोणाचा?' या प्रश्नात उत्तरदायी व्यक्ती गृहीत असते. टाटा, सरकार, प्रेमचंद, कोणी तरी. 'कोणता?' मध्ये पर्यायांची यादी गृहीत असते आणि यादीतून उचलणारा हात विचारणाऱ्याचा असतो. गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे, कागदपत्रे काळजीपूर्वक वाचावीत, ही सूचना जाहिरातींतून ज्या वेगाने उच्चारली जाते त्या वेगाने ती कोणालाही समजणार नाही. परंतु तिचे काम समजावण्याचे नसून जबाबदारीचे हस्तांतर नोंदविण्याचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतातील डिमॅट खात्यांची संख्या दहा कोटींच्या पलीकडे गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फंडांत मासिक हप्त्यांनी येणारी रक्कम पंचवीस हजार कोटी रुपयांवर पोहोचली. हस्तांतर किती जणांकडे झाले याची कल्पना यावरून यावी.

उत्तर देणाऱ्याला पैसे कोण देतो, हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीस उशिराच आला. फंड विकणारा तोच सल्ला देई आणि त्याचे वेतन खरेदीच्या रकमेतून कापले जाई. ऑगस्ट २००९ मध्ये ही प्रवेश-कपात बंद झाली. जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना, कमी खर्चाने, थेट योजना घेण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी सल्लागारांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम आले. सल्ल्याची किंमत वेगळी दिसू लागताच ती देण्यास पुष्कळांची तयारी नव्हती. विक्रीच्या किमतीत मिसळलेली असताना ती कोणाला खुपली नव्हती. अशा स्थितीत प्रश्न विनामूल्य उत्तर देणाऱ्यांकडे गेला. प्रथम नातेवाईक आणि कचेरीतील सहकारी, आणि नंतर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून बोलणारे, लाखो अनुयायी असलेले उपदेशक. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने आपल्या नियमनाखालील संस्थांना अशा अनोंदणीकृत सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. या मनाईच्या मागे असलेला प्रश्न वाचता येण्याजोगा आहे. 'कोणता फंड?' असे विचारणारा अलीकडे त्याला जोडूनच 'हे कोण सांगतो?' असेही विचारू लागला आहे, आणि टाउन हॉलसमोरच्या वडाखाली विचारले जाई तेही याहून फारसे निराळे नव्हते.